घेवड्याच्या वाफ्यातली सालपटं

१

कोंबड्या मेल्या त्या सकाळी घरात सगळ्यात आधी रडली ती वहिनी, आणि कोंबड्यांचा सगळ्यात जास्त तिटकारा होता तोही वहिनीलाच. त्यामुळे ती नक्की कशासाठी रडतेय हे दादाला कळायला जरा वेळ लागला.

मागच्या परसात, घेवड्याच्या वाफ्याशी दोघी पडल्या होत्या. तांबडी कुशीवर, एक पाय ताणलेला. काळी वाफ्याच्या कडेला, चोच मातीत. आणि त्याच मातीत उकिडवा बसून दोन वर्षांचा बेडक्या तांबडीच्या पिसांवरून हात फिरवत होता. असा उकिडवा बसून तो किडे बघत राहायचा, म्हणूनच त्याचं नाव बेडक्या पडलं होतं.

"झोपली," त्याने आईला समजावून सांगितलं.

वहिनीने त्याला उचललं तेव्हा त्याच्या हनुवटीला ओली माती लागलेली होती. तिला रडू फुटलं ते ती माती बघून.

डॉक्टरांनी बेडक्याला उलटासुलटा करून तपासला. पोर ठणठणीत होतं. त्याने डॉक्टरांचा चष्मा ओढला आणि पेन मागितलं. "सध्या तरी काळजीचं कारण नाही," ते म्हणाले, "पण कोंबड्यांनी काय खाल्लं ते कळलं तर बरं. आज पोराने खाल्लं नसेल, उद्या खाईल."

घरात यातलं कळणारी आत्या होती. दादाची धाकटी बहीण, शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली. बेडक्या बोलायला लागल्यापासून घरात सगळे तिला आत्याच म्हणत, आणि तिच्या वडिलांना आबा. तीसुद्धा.

"तू शोध," दादा म्हणाला. "मला मात्र शोधायची गरज नाही. मला माहीत आहे." आणि त्याने कुंपणापलीकडे हनुवटी उडवली. तिथे सुतारकाकांचं घर होतं.

"सुताराने नाही केलं," आबा म्हणाले. ते परसातल्या बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत आहे."

वहिनी दारात उभी होती, बेडक्या कडेवर. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कुणी केलं मला ठाऊक नाही. पण ते विष कुणाच्या हातून इथे आलं हे कळल्यावर त्या माणसाच्या वाऱ्यालाही मी माझं पोर उभं करणार नाही. मग तो कुणीही असो."

आबांनी मान खाली घातली. आत्याला वाटलं, म्हाताऱ्याला कोंबड्यांचं वाईट वाटतंय. ते खरंही होतं. आजी गेल्यावर आबा आपलं घर बंद करून इथे राहायला आले, तेव्हा महिनोन्‌महिने खुर्चीतून उठत नव्हते. मग वहिनीला पुन्हा कामावर जावं लागलं, बेडक्या आबांच्या ताब्यात आला, आणि दोघांनी मिळून परसाचा कायापालट केला. टोमॅटो, घेवडा, दुधी, कोथिंबीर. मग तीन कोंबड्या. आबा बोटाने भोक पाडत, बेडक्या त्यात बी टाकून वरून थापटत असे. थापटणं त्याला इतकं आवडे की उगवलेल्या रोपांनाही तो थापटून परत झोपवत असे.

तीन कोंबड्या. आत्याने मान वर केली. तिसरी कुठे आहे?

२

तिसरी, ठिपकी, खुराड्यात होती आणि धडधाकट होती. आत्याने हात पुढे केला तर तिने पिसं फुलवून असा आवाज काढला की आत्याने हात मागे घेतला.

"खुडूक बसलीये," आबा म्हणाले. "अंडी उबवायची म्हणून जागची हलत नाही. खाली अंडं नाही एक. मी काढून घेतो, तरी बसते."

"बाहेर येतच नाही?"

"कधीतरी एकदा येऊन जाते. काल तर आलीच नाही."

"मग खाते काय?"

"सूनबाई पुढ्यात ताटली ठेवते. तोंडाने म्हणते घाण आहे, घाण आहे, आणि हिला मात्र जागेवर जेवण."

ही गोष्ट आत्याने मनात नीट बसवली. प्रयोगशाळेत दोन नमुने घ्यायचे असतात: एकावर प्रयोग, दुसरा तसाच. इथे दुसरा नमुना आयता मिळाला होता, आणि तो तिच्यावर खेकसत होता.

ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी सिंकपाशी उभी होती. सिंकच्या वरच्या खिडकीतून सगळं परस दिसे: खुराडं, बाक, बाकाशेजारचा घेवड्याचा वाफा.

"वहिनी, काल कोंबड्यांना काय काय घातलंस?"

"म्हणजे माझ्यावरही संशय आहे का?"

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरसुद्धा."

"तू तर काल दिवसभर नव्हतीस. आम्हालाच धरणार." पण ती सांगू लागली. "रोजचंच. सकाळी आबांना बाकावर पाणी आणि गोळी नेऊन दिली. बेडक्याला भरवलं. त्याचं उरलेलं, भाजीची देठं आणि मका असं एका भांड्यात कालवलं. अर्धं खुराड्याबाहेर टाकलं, अर्धं त्या महाराणीच्या पुढ्यात."

"महाराणीने खाल्लं?"

"ताटली चाटूनपुसून साफ."

"पाणी?"

"एकाच बादलीतलं."

म्हणजे खाण्यात काही नव्हतं आणि पाण्यातही नव्हतं. जे काही होतं ते बाहेर, वाफ्यात होतं, आणि ठिपकी वाफ्यापर्यंत गेलीच नव्हती. पण वाफ्यावर तर कायम जाळी असे. कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून आबांनीच ती ठोकली होती.

"जाळी कुणी काढली?" आत्याने विचारलं.

वहिनीने हात पुसले. "तेच तर तुझा दादा म्हणतोय. काल संध्याकाळी तुझे सुतारकाका आले होते. मी या खिडकीतून बघितलं. जाळी त्यांनी काढली."

३

सुतारकाकांच्या शेडमध्ये लाकडाच्या भुशाचा वास होता. ते एका दाराला रंधा मारत होते. आत्याला बघून थांबले नाहीत.

"आलीस? मला वाटलं आधी तुझा दादा येईल, दोन-चार शिव्या घेऊन."

"येईल. मी जरा आधी आले."

"बस त्या स्टुलावर. हलतंय, सांभाळून. सुताराच्या घरचं आहे."

आत्या बसली. "मागच्या महिन्यात कोंबड्यांनी तुमची रोपं उकरली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, यांचा बंदोबस्त करायला पाहिजे."

"म्हणालो होतो. आणि मग कुंपणाची भोकं बुजवली. माझ्या भाषेत बंदोबस्त म्हणजे फळ्या आणि खिळे." त्यांनी रंधा खाली ठेवला. "गोगलगायींचं औषध आहे माझ्याकडे, तेही विचारून टाक. तो बघ डबा."

औषधाचे दाणे गडद निळे होते, बारक्या शेवेसारखे तुटलेले, लहानमोठे. डब्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं धरलेलं होतं.

"काल वाफ्यात काय करत होता?"

"खणत होतो. घेवडा संपलाय, वेल काढून माती वरखाली करून दिली. नवीन बी टाकायचं म्हणत होता तुझा बाप. जाळी काढली, खणलं, तेवढ्यात मला बोलावणं आलं. जाळी परत लावायची राहिली." त्यांनी मान हलवली. "तेवढं माझं चुकलं. ताजी माती दिसली की कोंबडी वेडी होते, मला कळायला हवं होतं."

"पण तुम्ही कशाला खणलंत? आबा स्वतः खणतात. कुणाला फावड्याला हात लावू देत नाहीत."

सुतारकाका रंध्याच्या पात्यावरचा भुसा अंगठ्याने पुसत राहिले.

"काका?"

"त्याने सांगू नको म्हटलंय."

"दादा तुमच्या घराकडचं फाटक कायमचं बंद करायला निघालाय."

"करू दे. मी परवा त्याला धरला नसता तर वाफ्यात तोंडावर पडला असता तुझा बाप. वाकला की डोळ्यांपुढे अंधारी येते त्याला. बरेच दिवस झाले. म्हणतो, सुनेला कळलं तर पोराला माझ्याकडे ठेवणार नाही."

आत्या स्टुलावरून उठली. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला अंधारी का यावी? गोळी जास्त होत असेल. किंवा मग लागू पडत नसेल.

तेवढ्यात कुंपणापलीकडून वहिनीची हाक आली. मेलेल्या कोंबड्या सकाळीच पशुवैद्याकडे पाठवल्या होत्या, त्याचा निरोप आला होता.

४

पशुवैद्याने तांबडीच्या गळ्याखालची पिशवी उघडली होती. मका, टोमॅटोचं साल, गांडुळं, आणि बरीचशी फिकट पिवळसर सालपटं. हृदय बंद पडून मेल्या, एवढं तो सांगू शकत होता. विषाची निळी खूण कुठे नव्हती. "सालपटं घेवड्याची दिसतात," तो म्हणाला आणि एका डबीत घालून त्याने ती आत्याच्या हातात दिली.

आत्यालाही ती घेवड्याच्या दाण्यांवरची टरफलंच वाटली. घरी येऊन तिने ती जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर पसरली आणि चिमट्याने एकेक वेगळं करू लागली. समोर खिडकीबाहेर परस होतं. आबा आत पडून होते. बेडक्या दादाच्या देखरेखीखाली बाकापाशी खेळत होता. वाफ्याभोवती दादाने खुर्च्या आडव्या टाकल्या होत्या.

बेडक्याचा एक खेळ चालला होता. त्याने एक खडा तोंडात टाकला, रिकामा पेला तोंडाला लावला आणि खिडकीकडे बघून मोठ्ठा "आ" केला.

"अरे, थुंक ते," दादा ओरडला. "कायम काहीतरी तोंडात. थुंक म्हणतो ना."

बेडक्याने थुंकलं, पण खडा फेकला नाही. गालातून तळहातावर घेतला. मग मान वळवून पुन्हा खिडकीकडे बघितलं, बोटाने बाकाच्या पायापाशी मातीत भोक पाडलं, खडा आत सरकवला आणि थापटलं.

"बी पेरतोय," दादा हसत म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच हसला होता.

आत्याही हसली, आणि पुन्हा सालपटांकडे वळली. चिमट्यातलं सालपट तिने शेजारच्यावर ठेवून बघितलं. बरोबर बसलं. तिसरं ठेवलं. तेही बसलं.

घेवड्याचे दाणे तिने लहानपणापासून सोललेले होते. एका शेंगेतले दोन दाणेसुद्धा सारखे नसतात. टोकाचा बारका, मधला फुगलेला, एखादा किडका. वाफ्यात उगवलेलं काहीही इतकं एकसारखं नसतं. इतकं एकसारखं काही असेल तर ते साच्यातून निघालेलं असतं.

तिने एक सालपट सुईने उघडलं. आत पांढरट पिठाचा ओला गोळा होता.

तिचं लक्ष पुन्हा बाहेर गेलं, आणि या वेळी ती हसली नाही. बी पेरताना पाणी कुणी पीत नाही. बी पेरताना कुणी आधी तोंड उघडून दाखवत नाही. आणि बी पेरण्याआधी, स्वयंपाकघरात कुणी बघतंय का, असं वळून तर कुणीच बघत नाही.

५

ती बाहेर गेली. एका निरीक्षणावर तिचा विश्वास नव्हता. तिने बेडक्याला उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला, टोमॅटोपाशी नेलं, हातात पेला आणि एक शेंगदाणा दिला. बेडक्याने शेंगदाणा खाऊन टाकला. "आणखी," तो म्हणाला.

तिने आणखी एक दिला आणि त्याला बाकावर बसवलं. तिथे बसल्याबरोबर त्याचे पाय आबांसारखे एकावर एक गेले. शेंगदाणा गालात, पेला तोंडाला, खिडकीकडे "आ". मग वळून बघणं, बोट, भोक, थापटणं.

"हे कुणी शिकवलं रे तुला?"

"आबा," बेडक्या म्हणाला. "आबा गोई. झोप."

वहिनी रोज सकाळी खिडकीतून विचारायची, "घेतली का गोळी?" आणि आबा लहान पोरासारखा मोठ्ठा "आ" करून दाखवायचे. घरातला रोजचा विनोद होता तो. सगळे हसायचे. आत्यासुद्धा डब्यात पोळी भरता भरता हसायची.

सगळे तुकडे जागच्या जागी बसले. प्रयोगशाळेत असं झालं की तिला आनंद व्हायचा, कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटायचं. आत्ता तिला ती डबी खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या. वरचं साल मातीत महिनोन्‌महिने तसंच राहतं. रोज एक, जाळीच्या भोकातून, बोटभर खोल. मग एका संध्याकाळी फावड्याने माती वरखाली झाली, साठलेलं सगळं एकदम वर आलं, आणि त्या दोन भुकेल्या जिवांनी ते किडे समजून टिपलं.

आबा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती कडेला बसली.

"आबा, गोळ्या का नाही घेतल्या?"

आबांनी अंगावरची चादर बाजूला केली. मग उठून बसले.

"झोप येते गं त्यांनी. अंगावर पोतं टाकल्यासारखी. एकदा दुपारी बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तर तो त्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीशी उभा. चवड्यांवर. आत वाकून बघत होता." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू अजून धरायचंच होतं. "आणखी थोडा वेळ झोपलो असतो, तर…"

"मग सांगायचंत ना."

"कुणाला? सुनेला? सांगितलं असतं तर तिने पोर ठेवलं असतं माझ्याकडे? गोळी थुंकली की जागा राहतो मी. मला वाटलं, माती सगळं खाते. गोळीपण खाईल."

"तो हात घालतो त्या मातीत, आबा."

"आज सकाळी कळलं मला ते." आबा म्हणाले. "तांबडीला बघितलं आणि कळलं. दिवसभर वाट बघतोय, माझं मी बोलेन म्हणून. तोंड उघडत नाही."

बाहेर हातोड्याचा आवाज सुरू झाला. दादा सुतारकाकांकडचं फाटक ठोकून बंद करत होता.

आत्याने हिशोब करून बघितला. डबी फेकून दिली, माती बदलली, आबांशी एकटीने बोलून गोळ्यांचं बघितलं, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. फक्त ते फाटक बंद राहिलं असतं, आणि सुतारकाका जन्मभर कोंबड्या मारणारे ठरले असते. त्यांनी तर आबांचं गुपित राखण्यासाठी तेही सोसलं असतं.

"त्याला थांबव," आबा म्हणाले. "सुताराचं नाव नको घेऊस म्हणावं. तू सांग सगळं. मला जमायचं नाही."

६

तिने जेवणाच्या टेबलाशी सांगितलं, सालपटांचा कागद पुढे ठेवून. क्रमाने, पुराव्यानिशी, एकही दुवा न गाळता. पाण्याच्या टाकीचं गाळावं का, असा विचार एकदा मनात आला. मग आबांनीच तिच्याकडे बघून मान हलवली, आणि तेही सांगितलं.

दादाने हातोडा टेबलावर ठेवला आणि सुतारकाकांकडे निघून गेला.

वहिनीने कागद स्वतःकडे ओढून सालपटं मोजायला घेतली. कधी नव्हे ते आत्याला वाटलं, हिने ओरडावं.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी तुमच्यावर रागावले असते. नक्की रागावले असते. पण मग डॉक्टरांना फोन केला असता."

"हो."

"आता मी काय करू?"

"तू सकाळी जे म्हणालीस तेच," आबा म्हणाले. "बरोबर म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी आत्या त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट केलं. "अहो, मग ही बदलून देतो की. झोप न आणणारी दुसरी आहे. एवढंच होतं तर आधी बोलायचंत." आणि त्यांनी तिथल्या तिथे नवीन गोळी लिहून दिली. चहा थंड व्हायला जितका वेळ लागतो, तितकाही लागला नाही.

परत येताना दोघं पायीच आली. आत्याने कोंबड्यांच्या बाबतीत घरातल्या प्रत्येकाला नेमके प्रश्न विचारले होते. ताटली, बादली, जाळी, फावडं. ज्या माणसापाशी हे सगळं येऊन थांबलं त्याला इतक्या महिन्यांत कुणी साधं विचारलं नव्हतं: गोळीने कसं वाटतं? विचारलं होतं ते फक्त, घेतली का.

"तुझं उत्तर बरोबर होतं गं," आबा मधेच म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून.

"हो," ती म्हणाली. चुकलं असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

वहिनी शब्दाला पक्की निघाली, आणि निष्ठुर मात्र झाली नाही. आबांचं ताट ती आधीसारखंच वाढे, अजून अंधारी येते का, ते विचारी. पण पुढच्या सोमवारपासून बेडक्या पाळणाघरात जाऊ लागला. आबांनी एकदाच विचारलं, "रविवारी तरी?" वहिनी म्हणाली, "मी परसात असताना. चालेल?" ते म्हणाले, "चालेल की."

सकाळी पोहोचवायचं काम आत्याकडे आलं. प्रयोगशाळा त्याच वाटेवर होती. पहिल्या दिवशी आबा बरोबर निघाले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात बेडक्याची पाण्याची बाटली. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ते थांबले.

"इथून जा तुम्ही," ते म्हणाले. "तिथे आलो तर तो मला सोडायचा नाही."

त्यांनी बाटली बेडक्याच्या गळ्यात अडकवली, पट्टा दोनदा नीट केला. मग आणखी एकदा केला. आत्याने बेडक्याला कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडला. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत हात हलवत होता, आणि बराच वेळ हलवत राहिला. म्हणजे आबा अजून तिथेच उभे होते. तिला वळून बघायचा धीर झाला नाही.